ताईचं 'बहुधा'

आमची ताई म्हणजे घरातलं परराष्ट्र खातं. एका संशोधन संस्थेत तिनं उभी हयात काढली, ती शेजारच्या देशांवर नजर ठेवण्यात. नजर म्हणजे काय, तर तिकडची वर्तमानपत्रं वाचायची, रेडिओ ऐकायचा, कुठं पूल बांधला, कुठं डिझेल महागलं ते टिपायचं आणि पुढं काय होईल त्याचा अहवाल लिहायचा. डबा विसरली की मी तिच्या ऑफिसात जायचो. छतापर्यंत नकाशे, कात्रणांचे ढीग, खिडकीत तिचा कान तुटलेला कप. आजही कुठं डिंकाचा वास आला की मला तीच खोली आठवते आणि उगाच भरून येतं.

टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. 'बहुधा' कधी लिहायचं, 'शक्यता कमी' कधी, ते त्यावर ठरवून दिलेलं. 'नक्की' हा शब्द त्यात नव्हताच. उद्याचं कुणाला नक्की ठाऊक असतं? पण बाईसाहेबांनी हे घरीही आणलं आणि आमच्या डोक्याला ताप झाला!

"ताई, रविवारी जेवायला येतेस ना?" मी विचारायचो.

"बहुधा."

"अगं, मग भात किती लावू?"

आई कपाळावर हात मारायची. "लग्नाला होकार देतानाही ही 'बहुधा'च म्हणाली. तो भला माणूस म्हणून थांबला!"

एकदा सीमेवर सैन्य जमलं. टीव्हीवाले युद्ध युद्ध म्हणून घसा फोडत होते. नवे साहेब म्हणाले, "नक्की होणार असं लिहा, वरच्यांना तेच हवंय." ही ढिम्म हलली नाही. 'शक्यता कमी' असंच लिहिलं. सैन्य मागं गेलं आणि बढती मिळाली भलत्यालाच. मला अजून त्या साहेबाचा राग येतो. ताई मात्र नुसती हसली आणि पुढचं कात्रण चिकटवायला बसली.

मग आई आजारी पडली. हॉस्पिटलात तिचं एकच टुमणं, मला घरी जायचंय. एका दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. आता काही उपाय उरला नाही म्हणाले. आईला काय सांगायचं, ते आमचं ठरेना. आत गेलो तर ती वाटच बघत होती.

"मी बरी होईन ना गं?" तिनं ताईला विचारलं.

"नक्की," ताई म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हसली.

"अगं बये, जन्मात कधी नक्की म्हणालीस का? कळलं मला."

ताईला हुंदका आवरेना. आईनं तिचा हात धरला.

"रडू नकोस. आता खरं सांग. आज मला घरी नेशील?"

ताईनं दाराकडे पाहिलं. डॉक्टरांना विचारायचं होतं, गाडी बघायची होती. तिनं नाक पुसलं.

"बहुधा," ती म्हणाली.

"मग झालं तर!" म्हणत आई उठून बसली आणि पलंगाखाली पायानं चपला शोधायला लागली.