मीटरच्या पेटीखालचं ओलं

जिन्याखाली ओलं दिसलं की हवालदारकाका ते ओलांडून पुढे जात नसत. एक हात गुडघ्यावर टेकवून वाकत, नाक जवळ नेत, मग मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत. "मला शक हाय," म्हणत.

तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर हे एकटेच राहत. पोलिसातून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी लातूरला. जन्मभर पंचनामे लिहिल्यामुळे दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून तपासत. दाराला तीन कुलपं. संध्याकाळी गल्लीत फेरी मारायला निघाले तरी तिन्ही लावत, ओढून बघत, आणि चार पावलं जाऊन पुन्हा ओढायला परत येत.

अशा माणसाच्या डोक्यावर मी कुत्र्याचं पिल्लू आणून ठेवलं. मी शिकवते त्या शाळेतल्या शिपाईबाईंच्या घरचं, दोन महिन्यांचं, नाव गुंड्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठला की, खाल्लं की लगेच खाली न्यायचं, जागा एकच ठरवायची. आमच्याकडे लिफ्ट नाही. त्याला पोटाशी धरून मी तीन मजले पळत उतरायची, दम लागला की शेवटच्या पायरीवर खाली सोडायची, आणि गुंड्याला वाटायचं हीच जागा. काकांच्या दाराशेजारी मीटरची पेटी आहे, तिच्याखाली तो मोकळा व्हायचा. नळाला पाणी आठवड्याने येणार, म्हणून कपडे धुतलेलं पाणी बादलीत राखून त्यानेच मी फरशी पुसून घ्यायची.

चूक कळल्यावर त्याला थेट गेटबाहेरच्या कडुलिंबाखालीच सोडायला लागले. महिनाभरात तो शिकला. ओलं मात्र थांबलं नाही. काकांनी दिवस, वेळ लिहून सोसायटीकडे अर्ज दिला, कुत्रं हटवावं म्हणून. रविवारी बैठकीत निर्णय व्हायचा होता. मला उलटाच संशय, हा माणूस मुद्दाम पाणी ओततो. मी जिन्यावरून वाकून बघायची, ते दाराच्या फटीतून. एकमेकांवर पाळत ठेवण्यात आम्ही दोघंही वाया गेलो होतो.

गुरुवारी मी गुंड्याला छावणी भागात बहिणीकडे नेऊन ठेवलं, दोन दिवस शाळेत तपासणी होती म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर पेटीखाली ओलं. शेजारी काका पाठमोरे उभे. तिसरं कुलूप उघडत होते, किल्ली भोकात बसत नव्हती आणि पायजम्याचा एक पाय भिजलेला होता. त्यांनी मला पाहिलं नाही.

दया यायला हवी होती, पण आधी राग आला. स्वतःचं माहीत असून या माणसानं एका मुक्या पिल्लावर आळ घेतला होता. वर जाऊन मी सगळं एका कागदावर लिहिलं, काय पाहिलं, कधी पाहिलं, कुत्रं तेव्हा कुठे होतं. बैठकीत वाचायचं म्हणून तो कागद पर्समध्ये ठेवला.

शनिवारी गुंड्याला परत आणलं. दुपारी काका तीन मजले चढून आले. माझ्या घरी पहिल्यांदाच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. गुंड्या त्यांचे पाय हुंगायला लागला, त्यांनी हुंगू दिलं.

"बाई, काल संध्याकाळी तुमचं कुत्रं कुठं होतं?"

आवाज हवालदाराचा, पण डोळे फरशीकडे. मला काय झालं कोण जाणे.

"घरीच होतं, काका."

"खोटी जबानी देऊ नका. परवा त्याला घेऊन रिक्षात बसलात, मी पाह्यलं." मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे तुमाला ठाव हाय."

याला औषध असतं, डॉक्टरकडे जाऊ या, असं मी काहीबाही सांगत राहिले. तोवर ते कठड्याला धरून उतरायला लागले होते.

रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरींनी अर्ज वाचला. काका उठले आणि अर्ज मागे घेतो म्हणाले. एवढ्यावर भागलं असतं. पण चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, मग रोजची घाण कोणाची?

"कुत्र्याचं नाय ते. माझं हाय," काका म्हणाले. "घरात शिरंपस्तोर धरणं होत नाय आता."

कोणी हसलं नाही. काकांनीच पुढचा, टाकीच्या झाकणाचा विषय काढला, कारण त्या झाकणावरही त्यांचा शक होता.

दिवाळीनंतर मुलगी येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली. ऑपरेशन झालं, बरे आहेत, असं कळतं. निघताना त्यांनी गुंड्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, माझ्यापायी तुमी खोटं बोललात. लई मोठं मन हाय तुमचं."

आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसानं एवढा एकच विश्वास टाकला, तो माझ्यावर. मी मान हलवली, वाटेत गोळ्या वेळेवर घ्या म्हटलं. त्या रविवारी गच्चीवर तो कागद माझ्या हातात उघडलेला होता. काका बोलले नसते, तर मी तो वाचला असता.