सीताबाईच्या वांग्याला धरलेल्या गाठी

…तर सीताबाईनं ते वांग्याचं झाड मुळासकट उपटलं, अन् नेमकं तिथंच काल तुम्ही मला जेवायला उठवलं. झाड हातात धरून ती बांधावरून ओरडली, "भाऊजी, या वो लवकर! माह्या वांग्यानं डोरलं घातलं!"

मी गेलो धावत. मुळाला गाठीच गाठी, लहान-मोठ्या, खरोखर मणी ओवल्यासारख्या. बाई अशी हसत होती की मलाही हसू आवरेना.

आता ती का हसली ते ऐका. आमच्या इंझोरीच्या शिवारात जिकडेतिकडे सोयाबीन. सोयाबीनच्या मुळाला गाठी धरल्या म्हणजे जमिनीला फुकटचं खत, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच पावसाळ्यात आमच्याकडचा कृषी सहायक भाऊसिंग शाळेच्या ओट्यावर हेच समजावून गेला होता. सीताबाई अगदी पुढे बसली होती. नवरा गेल्यापासून तिनं भाजीवरच घर चालवलं. मानोऱ्याच्या बाजारात तिची वांगी संपली की मग दुसऱ्यांची विकायला लागायची. कुणी बाई वांगं दाबदाबून पाहू लागली की ही म्हणायची, "जावई पाहून राह्यली काय वं? घे नं गुमान."

तिचं वावर उतारावर. वरच्या अंगाला भगवंतरावचं वावर, तिथंच सामाईक विहीर. भगवंतरावच्या वाफ्यांतलं उरलेलं पाणी सीताबाईच्या वाफ्यांत उतरायचं. खाली देवलाची पट्टी होती, पण तो विहिरीचं पाणी कडेच्या दांडानं, म्हणजे पाटानं, सरळ न्यायचा, कुणाच्या वाफ्यात न शिरता.

देवला तांड्यावरचा. दिवाळी झाली की दरसाल बायकोला, धनीबाईला, घेऊन ऊस तोडायला जायचा. त्या साली धनीबाईनं कोयता आढ्याला खोचून ठेवला. म्हणाली, भाजी लावू अन् इथंच राहू. रोपं कशी लावायची, किती अंतर ठेवायचं, सारं त्यांना सीताबाईनंच शिकवलं. देवला तिला 'याडी' म्हणायचा. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

तर गाठी पाहून बाईचं डोकं चालू लागलं. तिनं इकडचं एक झाड उपटलं, तिकडचं एक उपटलं. भगवंतरावचं पाणी जिथून आत शिरतं तिथल्या झाडांना गाठी जास्त, पलीकडे कमी. "भाऊजी, हे पाणीच गाठी घेऊन येते!" आता हे तिनं बरोब्बर ओळखलं होतं, बरं का. चुकलं ते पुढचं.

अन् हातचं राखून ठेवायचा तर तिचा स्वभावच नाही. तशीच उतरून देवलाकडे गेली. "दांडाचा नाद सोड रे आता. माह्या वाफ्यातून फिरवून घे. तुह्या बी वांग्याले होऊ दे खत." बोलून थांबली नाही, स्वतः फावडं घेऊन बांध फोडून दिला. धनीबाईनं तिला चहा पाजला, गूळ घालून. मीही प्यालो. चांगला होता.

दसऱ्याच्या सुमाराला सीताबाईची झाडं भर ओलीत माना टाकू लागली. पानं पिवळी पडली, फूल धरेना. तिनं भाऊसिंगला बोलावलं अन् मोठ्या कौतुकानं गाठी दाखवल्या. त्याचं तोंड उतरलं. त्यानं शेजारच्या धुऱ्यावरून सोयाबीनचं एक झाड उपटून आणलं, नखानं गाठ खरवडली, ती टुपकन सुटली. वांग्याची सुटेना.

"ही वरून धरलेली नाही, बाई. मूळच सुजलं आहे. आत सूत्रकृमी आहेत, मुळाचा रस शोषणारे किडे. डोळ्याले दिसत नाहीत इतके बारीक. बाहेरच्या रोपांच्या मातीत आले असतीन भगवंतरावकडं."

"अन् माह्याकडं?"

"त्याच्यानं स्वतः होऊन सालभरात धड बांधबी ओलांडनं होत नाही. पण वाहतं पाणी म्हणजे त्याची एसटी. तिकीट नाही, काही नाही, बसला की निघाला."

भाऊसिंग हसला. मीही हसलो. सीताबाई हसली नाही. ती खाली देवलाच्या पट्टीकडे पाहत होती.

तिनं तिथल्या तिथं फोडलेला बांध बुजवला अन् देवलाकडे गेली. मी मागोमाग. तिनं सगळं सांगितलं. देवला ऐकत राहिला, मग म्हणाला, "याडी, परवापर्यंत गाठी चांगल्या होत्या, आज वाईट झाल्या?"

"मले समजलं नव्हतं रे. दांडानं ने पाणी. दांडाचं साफ आहे."

"दांडाच्या पाण्यात गाठी नाहीत म्हून?"

"हाव, म्हूनच सांगून राह्यली!"

"म्हंजे गाठी साऱ्या तुह्याच वावरात राह्यल्या पाह्यजे."

धनीबाई आतून बोलली, "आमचं बरं चाललं ते पाह्यवत नसन लोकाईले."

"किडा आहे तं दाखव," देवलानं हात पुढं केला. "ठेव हातावर."

आता काय ठेवणार? सकाळी पाहिलं तर बांध फुटलेला अन् पाणी खाली झुळझुळत चाललेलं. सीताबाई पुन्हा गेली, पुन्हा सांगितलं. देवलानं फावडं खांद्यावरून खालीसुद्धा घेतलं नाही.

दिवाळीपर्यंत त्याची पट्टी बसली. वांगी लिंबाएवढी, तीही वाकडी. एका सकाळी देवलानं सीताबाईच्या बांधावर येऊन उपटलेलं एक झाड टाकलं, गाठींनी जाड झालेलं, अन् निघून गेला. मग मुकादमाचा ट्रक आला. गोधड्या, भांडी, दोन शेळ्या चढल्या. धनीबाईनं कोयता पदरात गुंडाळून घेतला होता. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. ट्रक मानोऱ्याच्या रस्त्याला लागला तरी सीताबाई तिथंच उभी.

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "तू कायले जिवाले लावून घेतं? बांध त्यानं फोडला. तू तं दोनदा सांगतलं होतं त्याले."

ती म्हणाली, "सांगतलं नं, भाऊजी. पण त्याच्या आंधी गाठी चांगल्या म्हून सांगतलं, ते त्यानं एकाच खेपेत आयकलं होतं."