पालेगावातली पांढरी झेंडी

महेंद्रला मातीची भीती वाटते, असं मांजर्लीत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. सहा फुटी, फौजेतून आलेला गडी. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला वाट देत. पण नदी वसाहतीत शिरून गेली त्या वर्षी, गाळ धुऊन निघेपर्यंत हा माणूस जिना उतरला नाही. सीमेवर सुरुंगाने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता. नकली पाय बसला, पण तेव्हापासून डांबर किंवा सिमेंट सोडून तो कुठेच पाऊल टाकत नसे. त्याची बायको संध्या बाजारात जातानाही कडेची माती टाळून चालायला शिकली. संसारात असल्या सवयी न शिकवता लागतात.

त्याला पालेगावला नेलं ते सुभेदार भगवंत यांनी. एक हात गमावलेले हे गृहस्थ फौजेच्या मैदानावर गोल्फ शिकले होते, आणि आपल्यासारख्या जायबंदी जवानांना तो शिकवायचं खूळ त्यांनी घेतलं होतं. हिरामण नावाच्या शेतकऱ्याने भात कापलेलं शेत वापरायला दिलं. संध्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी, म्हणून तीही डबा घेऊन बांधावर बसे. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती बोलूनही दाखवी.

भगवंतांचा नियम एकच: ज्याचा चेंडू त्यानेच आणायचा. चेंडू ज्यात घालायचा त्या खळगीपाशी लावायच्या झेंडीसाठी त्यांनी लाल कापड घेतलं नाही, पांढरा पंचा फाडला. लाल झेंडी म्हणजे पुढे सुरुंग, हे त्या माणसांच्या हाडात भिनलेलं होतं.

सुरुवातीला महेंद्र रस्त्यालगतच्या बांधावरच्या फरशीवरून चेंडू मारायचा आणि तिथंच उभा राहायचा. मग एका शुक्रवारी तो शेतात उतरला. काठीने पुढची जमीन ठोकत, घामाने निथळत, पण गेला. त्यानंतर त्याचं झोपेत ओरडणं थांबलं. संध्याने गोल्फला नावं ठेवणं सोडून दिलं.

पण शेजारचं शेत विकलं गेलं. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग पोकलेन, मग इमारतीच्या पायासाठी दारू ठासून खडक फोडणं. धडाका झाला की महेंद्रची बोटं काठीवर पांढरी पडत. "काय नाय व्हत, दगूडच त्यो," हिरामण म्हणे, पण हल्ली तो कुणाच्या नजरेला नजर देत नसे. दर शुक्रवारी कुंपण थोडं अलीकडे आल्यासारखं वाटे. संध्या ते बघे आणि डबा उघडून सगळ्यांना वाढायला घेई. आपण काही बोललो आणि हा पुन्हा सिमेंटवर गेला तर, ही तिची धास्ती होती.

पौषातल्या त्या सकाळी गवतावर दाट दव होतं. महेंद्रचा चेंडू तिरका गेला, पत्रे अजून ठोकले नव्हते त्या टोकाला. तो चेंडूमागे निघाला. दवात त्याच्या पावलांची काळी रांग उमटत गेली. चेंडू उचलायला वाकला आणि समोर दिसल्या लाल झेंड्या, ओळीने रोवलेल्या. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"भागो! बत्ती लगा दी!" पलीकडून कामगार ओरडला.

बाकीचे बांधाआड पळाले. महेंद्र हलला नाही. सुरुंगांच्या पट्ट्यात सापडलास तर जागचा हलू नकोस, हेच त्याला शिकवलेलं होतं.

"अरे, त्या कामगारांच्या झेंड्या आहेत! पळ!" भगवंत ओरडले. त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही.

संध्या उठून धावली.

"थांब!" महेंद्र किंचाळला. "माझ्या पावलांवर पाय ठेव! बाहेर टाकू नकोस!"

तिथे गवताखाली काही पुरलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. उडणारे दगड मात्र खरे होते. सरळ धावली असती तर झटकन पोचली असती. पण त्याचा चेहरा बघून तिने त्याच्या पावलात पाऊल ठेवलं. मग पुढच्या. त्याच्या ढांगा लांब; अर्ध्या वाटेत तिचा तोल गेला आणि ती रांगेबाहेर पालथी पडली.

जमीन हादरली. तिच्या पाठीवर ओझं कोसळलं आणि त्यावर खडीचा मारा झाला. धूळ बसली तेव्हा तिला कळलं, ते ओझं महेंद्र होता.

"लागलं का? लागलं का गं?" त्याच्या कानामागून रक्त ओघळत होतं.

तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. कोऱ्या दवातून एक नवी, वेडीवाकडी रांग थेट तिच्यापर्यंत आली होती. हा धावत आला होता! तिला हुंदका आवरेना.

बांधावर हिरामण मान खाली घालून उभा होता. त्याच्या शेजारच्या, पत्र्यापलीकडून आलेल्या अनोळखी माणसाच्या काखेत लाल झेंड्यांची जुडी होती. आता हे शेतही गेलं, हे सगळ्यांनाच कळलं.

महेंद्र उठला. पायाखाली पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"संध्या," तो हळूच म्हणाला, "आता परत कसं जायचं?"

तिने चपला काढून हातात घेतल्या आणि त्याच्याकडे पाठ केली.

"माझ्या पावलांवर पाय ठेवा," ती म्हणाली आणि कोऱ्या दवात चालू लागली. मागे न बघता ती चार पावलं गेली. मग त्याच्या नकली पायाची ओळखीची करकर ऐकू आली.