सर उठतील

सर पडले तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. त्यात कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. सर आयुष्यभर पडतच आले होते.

शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की पीटीचेच. दरवर्षी क्रीडादिनाला, पहिल्या शर्यतीआधी, ते स्वतः धावत सुटायचे आणि मध्येच धाडकन तोंडावर पडायचे. मुद्दाम. पोरांनी मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं. जवळ जायचं नाही, हात द्यायचा नाही. दहा म्हणताच सर उसळून उठायचे आणि गुडघेही न झटकता उरलेली फेरी पुरी करायचे. पोरं मैदान डोक्यावर घ्यायची. पुढे नोकरी गेलेले, धंद्यात बुडालेले, बायको सोडून गेलेले त्यांचे विद्यार्थी एकमेकांना फोन करून दहापर्यंत मोजायचे. खरंच मोजायचे.

कविराज त्यांच्यातला नव्हता. हे नाव सरांनीच ठेवलेलं. उंच उडीची काठी त्याला कधी ओलांडता आली नाही. एकदा तर तो काठीखालून वाकून पलीकडे जाऊन उभा राहिला होता. पुढे त्यानं साहित्यात पदवी घेतली आणि घरी बसला. सर निवृत्त होऊन त्याच्याच इमारतीत राहायला आले. बारीक अक्षर त्यांना दिसेना, म्हणून तो रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागला.

"खेळाचं पान आधी. अग्रलेख तुझा तू वाच."

"सर, आज एखादी कविता?"

"त्यात जिंकतं कोण?"

सरांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघरातून हसायच्या. सर ऐकता ऐकता कॅनव्हासच्या बुटांना पांढरं पॉलिश लावत बसायचे. जायचं कुठेच नसे. "नवरीला नटवावं तसं चाललेलं असतं बाई," काकू म्हणायच्या. बुटांच्या खोक्याला मात्र त्या हात लावत नसत. म्हणूनच सरांनी छातीच्या गोळ्या त्यात ठेवल्या होत्या.

हे फक्त कविराजला ठाऊक होतं. डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता. जिने टाळा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि धावण्याचं तर नावच काढू नका. परतताना सर म्हणाले, "हिला कळता कामा नये. जेवायची नाही ती."

त्यानंतर सत्काराचं निघालं. पुढाकार दुकानदाराचा. खेळाचं सामान विकायचा; शाळेत असताना शंभर मीटर त्याच्याइतकं जोरात कुणी धावलं नव्हतं, आता पोट सुटलं होतं. सरांनी मैदानाला एक फेरी मारायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सर छाती पुढे काढून हो म्हणाले. दुकानदार बाहेर पडताच त्यांनी कविराजचं मनगट धरलं.

"तू सांग त्यांना. मला नाही जमायचं."

"तुम्हीच सांगा ना, सर."

"लेका, मी कुठल्या तोंडानं सांगू? पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोरालाही धावायला लावलंय मी. तुझं काय, तू जन्मभर नाहीच म्हणत आलायस."

कविराज दुकानात गेला. हृदयाचं सांगितलं. दुकानदार हसला. "सरांचं हृदय? ते आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. तूच त्यांना पेपर वाचून वाचून म्हातारं केलंस."

म्हणून सत्काराच्या दिवशी तो माईकपाशी गेला. "सर धावणार नाहीत," तो म्हणाला. "त्यांची तब्येत बरी नाही. त्यांनीच सांगितलंय मला."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी कविराजकडे पाहिलं नाही.

"ह्याचं काय ऐकता!" ते म्हणाले. "हा पीटीच्या तासाला ताप आलाय म्हणून लायब्ररीत लपायचा."

हशा उसळला. सगळ्यांत मोठ्यानं काकू हसल्या, पहिल्या रांगेत बसून.

सर धावले. चांगले धावले. फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघेवरून, कोपरं अंगाशी, हनुवटी वर. वळण घेतलं आणि पडले.

"एक!" दुकानदार ओरडला. मग सगळेच. दोन. तीन. काकूही मोजत होत्या.

कविराज धावत सुटला. दोघांनी त्याला कमरेला मिठी मारून अडवलं. "ए, हात लावायचा नाही! सर उठतील."

"सोडा मला! नाटक नाहीये ते!"

"गप रे कविराज."

दहा झाले. टाळ्या झाल्या. सर उठले नाहीत. "भाव खातायत," कुणीतरी म्हणालं. पुन्हा एकपासून सुरुवात झाली, आणखी जोरात. सहाला सरांचा एक हात वर आला. मैदान वेडं झालं. हात खाली गेला. नऊच्या सुमाराला आवाज आपोआप विरळ होत गेले आणि दहा कुणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मैदानावरच गेले, भाग्य लागतं याला, असं बाहेरच्या खोलीत चाललं होतं. दुकानदाराचा विचार पक्का झाला होता. यापुढे दर क्रीडादिनाला एका मुलानं त्याच वळणावर पडायचं, आणि सगळ्या मैदानानं मोजायचं. सरांच्या स्मरणार्थ. भाषण कविराजनं लिहायचं.

काकूंनी कविराजला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं आधण कधीचं उकळत होतं. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"पडल्या पडल्या गेले ना रे?"

"हो, काकू."

"म्हणजे आम्ही मोजत होतो तेव्हा ते नव्हतेच."

"नव्हते. डॉक्टर तसंच म्हणाल्या."

काकूंनी गॅस बंद केला.

"मग हात कुणी वर केला?"

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून दुकानदारानं हाक मारली, "काकू, तुमची परवानगी आहे ना?"

"विचारतायत ते," कविराज म्हणाला.

"थांबतील ते," काकू म्हणाल्या. "आधी तू सांग."