मंदाच्या वतीने

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. उलट, दुसरंच सांगत आलो. निशातगंजच्या त्या डॉक्टरने माझ्या बायकोचं वाटोळं केलं, हे आलमबागेत माझ्या दुकानाशेजारी चहा पिणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. ओरडून सांगितलंय मी.

वर्ध्याहून इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात रिकाम्या हाताने आलो. बसचे जुने पार्ट विकून उभा राहिलो. एकच शिकलो — समोरच्याला आपली गरज कळू द्यायची नाही. कळली की तो भाव चढवतो.

मंदाच्या तोंडात पुवाचे बारीक पिवळे फोड आले. हिरड्यांवर, ओठाच्या आत — गोगलगाय सरकून गेल्यासारखी रेघ. घास घेताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर बराच वेळ टॉर्च धरून बघत राहिला. म्हणाला, "दिख मुँह में रहा है, जड़ आँतों में हो सकती है. इनसे पूछिए, शौच में खून जाता है?" जात असेल तर दुर्बिणीने आतडी तपासू म्हणाला.

मंदाला हिंदी बोलता येत नसे. तिच्या वतीने सगळीकडे मीच बोलायचो. मराठीत विचारलं. ती खाली बघत पुटपुटली, "दिवाळीपासून जातंय. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. आणि मी? डॉक्टरकडे वळून म्हणालो, "नहीं साहब, पेट एकदम ठीक है."

का? वाटलं, तपासणीत याचं कमिशन असणार — मला गुंडाळतोय. मी काय कच्चं गिऱ्हाईक आहे? जिना उतरताना हसलोसुद्धा.

पुढे सहा महिने ती गुळण्या करत राहिली, मलम लावत राहिली. एका सकाळी न्हाणीघरात कोसळली. तोवर मोठं आतडं काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. आता शौचासाठी पोटाला पिशवी आहे. तोंड मात्र स्वच्छ झालं — जड़, म्हणजे मूळ, खरंच आतड्यांतच होतं.

आणि शिव्या कुणाला? पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारणाऱ्याला.

मी समजत होतो, तिला काही कळलं नसेल. पण "नहीं" कळायला किती हिंदी लागते? घरी पाहुण्यांसमोर मी डॉक्टरचा उद्धार सुरू केला, की ती उठून आत जाते.

परवा तपासणीला गेलो. नव्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारला. सवयीने मी तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा," मंदा म्हणाली. आणि मोडक्या हिंदीत, अडखळत, तिने स्वतःच सगळं सांगितलं. माझ्याकडे एकदाही न बघता.