डावा काठ

तिसगावच्या बाजारात मी घोंगडी विकायला बसायचो, तिथं एक शहरातली मुलगी आली. नाव मी विचारलं नाही. केसांत पेन्सिल खोचलेली. घोंगडं उचललं की आधी वास घ्यायची, मग गालावर घासायची. बिनरंगाची, मेंढीच्याच काळ्या-पांढऱ्या लोकरीची घोंगडी तिला हवी होती. एक विकत घेतलं, टेपनं मोजलं आणि गेली.

पुढल्या बाजाराला कॉम्प्युटरवर छापलेला नमुना घेऊन आली. बघतो तर डावा काठ नागमोडी! माझा डावा हात जरा आखूड, म्हणून विणताना तो काठ आत ओढला जातो. चाळीस वर्षं मी तो घडीत लपवलेला.

"माझी चूक छापून आणलीस व्हय गं?"

"काका, सरळ काठ यंत्रालाही येतो. मला असाच हवाय. पुढच्या बाजाराला द्याल?"

मी काय कुणाला न्हाई म्हणतोय! ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावली, मागावर बसलो आणि काठ मुद्दाम वाकडा विणायला लागलो. जन्मात पहिल्यांदा तो सरळ आला.

बाजारात ती लांबून येताना दिसली आणि मला काय झालं कोण जाणे, मी पुन्हा डावा काठच घडीत लपवला.