सूर्यावर छत्री धरायला निघालेला सुहास

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या घराच्या गच्चीवर कैरीच्या छुंद्याचं पातेलं उन्हात सरकवत होते. मुक्ता माझी भाची, धाकट्या भावाची, सुहासची मुलगी. "आत्या, बाबा गेला," एवढंच म्हणाली. करजणजवळच्या एका शेतात त्यानं पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. पावसाळ्याआधी ते साफ करायला तो भर दुपारी गेला आणि परत येताना रिक्षातच कोसळला. डॉक्टर म्हणाले हृदय, मुक्ता म्हणते ऊन. मला विचाराल तर दोन्ही खरं. साठी उलटलेल्या माणसानं मे महिन्यात दुपारी बाहेर पडू नये हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं, पण ऊन हा विषय त्याच्या घरचाच ना... त्यात दुसऱ्याचं कशाला ऐकेल!

सुहास हवामानाचं गणित शिकवायचा. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे मला तो जेवताना ताटातल्या भाताचा डोंगर करून समजवायचा. ज्वालामुखी फुटला की गंधकाचा बारीक धूर आभाळात फार उंच चढतो, थोडं ऊन तिथूनच परत फिरतं आणि पृथ्वी जराशी निवते. तेच आता विमानांनी मुद्दाम करायचं. थोडक्यात, सूर्यावर छत्री धरायची. शेजारच्या हंसाबेन हे ऐकून म्हणाल्या, "सुहासभाई, सूरजदादाने पण ढांकी देशो?" सूर्यदेवालाही झाकणार का, असं. तो कितीतरी वेळ हसत होता. त्या दिवसांत त्याला खरंच वाटायचं की यातून काही निघेल. त्याच्या वाट्याला प्रश्न आला होता तो आपल्या पावसाचा. छत्री धरली तर इकडचा पाऊस राहतो की जातो?

हळूहळू त्याचा उत्साह ओसरला. गणितात एकदा पाऊस बरा पडायचा, एकदा पार आटायचा. शिवाय छत्री एकदा धरली की पिढ्यानपिढ्या धरून ठेवायला हवी, हात खाली आला तर अडवलेली सगळी उष्णता एकदम अंगावर. आणि खाली धूर ओकणं तर कुणी थांबवणार नाहीच, असं तो म्हणायचा. शेवटी शेवटी त्याला ती छत्री नकोशी झाली होती, पण ती नाही तर दुसरं काय, तेही सुचत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आमच्याकडे अजून रथसप्तमीला गच्चीवर गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. ज्या दिशेला दूध उतू जाईल तिकडे पीकपाणी चांगलं, असं आई सांगायची. सुहास दर वर्षी यायचा, फुंकर घालून डोळे लाल करून घ्यायचा आणि मला चिडवायचा, की त्याचा संगणक महिनोन्‌महिने जे सांगत नाही ते ताईचं बोळकं चहा होईपर्यंत सांगून टाकतं. यंदा मुक्ताही होती. मूल होऊ द्यावं की नाही यात ती कधीची अडकली आहे. नवरा तयार, हीच अडते. वय काही थांबत नाही. दूध उतू जात होतं तेवढ्यात तिनं विचारलं, "बाबा, तू इतकी वर्षं यातच आहेस ने? माझ्या मुलाला हे बडोदं राहण्यासारखं असेल?"

सुहास धुराकडे बघतच म्हणाला, "माहीत नाही."

मुक्ता जिना उतरून गेली आणि माझं डोकं फिरलं. होईल सगळं नीट, एवढं पोटच्या पोरीला म्हणायला याचं काय जात होतं? एवढं खोटं देवालाही चालतं, असं मी त्याला सुनावलं. तो गोवऱ्यांवर पाणी शिंपडत म्हणाला, "ताई, तिनं बापाला विचारलं असतं तर बोललो असतो. तिनं गणितवाल्याला विचारलं." मला ते मुळीच पटलं नाही. आमची शेवटची निवांत भेट अशी रागातच झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात मुक्ताबरोबर त्याच्या वासणा भागातल्या फ्लॅटवर गेले. त्याच्या खोलीत टेबलाखाली संगणक घुं घुं करत होता. करजणला निघण्याआधी त्यानं लावलेलं गणित चालूच होतं, आणि मुक्तानं कुणालाही ते बंद करू दिलं नव्हतं. पंखा पाचवर, तरी खोली त्या यंत्रानं भट्टी झालेली. आम्ही त्याचे शर्ट घडी करत असताना तो आवाज एकाएकी बदलला. पडद्यावर सरकणाऱ्या आकड्यांच्या ओळी थांबल्या होत्या. उत्तर आलं होतं, आणि घरात ते वाचणारं कुणी नव्हतं.

मुक्ता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "आत्या, हे बघून बाबा काय म्हणाला असता गं?"

होईल सगळं नीट... शब्द अगदी ओठांवर आले होते. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते म्हणता आलं नाही.

"माहीत नाही म्हणाला असता," मी म्हणाले.

मुक्तानं मान डोलावली. मग वाकून यंत्र तिनंच बंद केलं. खोली मात्र संध्याकाळपर्यंत तापलेलीच होती.